बरणीतल्या फायटरचं आजारपण

"आजारी आहे. पण लगेच जाईल असं दिसत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बरणी खिडकीच्या उजेडात धरली.

बाहेर एका बैलाला खोड्यात उभं केलं होतं. त्याच्या मानेला इंजेक्शन द्यायचं होतं, ते अर्धवट सोडून डॉक्टर आत आले होते. हा साकोलीचा जनावरांचा दवाखाना. टेबलावर माझी लोणच्याची काचेची बरणी होती आणि तिच्या तळाशी माझा मासा एका कुशीवर पडला होता.

"याला स्विम ब्लॅडरचा त्रास झालाय," ते म्हणाले. स्विम ब्लॅडर म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. तिच्यामुळे माशाला पाण्यात तोल सांभाळता येतो. पोट गच्च झालं की ती दबते, मग मासा धड पोहू शकत नाही. वर येऊन श्वास घ्यायचेही त्याला कष्ट पडतात. "त्यात पाणी गार. गार पाण्यात हा मासा सुस्तावतो. ड्रॉप्सी मात्र नाही, हे नशीब." ड्रॉप्सी म्हणजे जलोदर. त्यात अंगात पाणी भरतं आणि खवले उभे राहतात. त्यातून मासा सहसा उठत नाही.

डॉक्टर मग जरा ओशाळून म्हणाले, "मी गाई-म्हशींचा डॉक्टर आहे, ताई. माशांचं कॉलेजात थोडंसंच होतं. काल तुम्ही विचारून गेलात, म्हणून घरी जुनं पुस्तक काढून वाचलं."

माझ्यासाठी कुणीतरी घरी जाऊन पुस्तक काढलं, याचंच मला जास्त वाटलं. डोळे भरून आले. त्यांना वाटलं, मी माशासाठी रडतेय.

ज्यांच्या घरात एखादा मुका जीव आजारी पडला आहे आणि कुणाला सांगितलं तर लोक हसतील असं वाटतं, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. माझ्यावर ही वेळ आली ती एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात.

मी तेव्हा साकोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. घर दिघोरीला. तिथे आई होती, भाऊ-भावजय होते. साकोलीत मी आणि माझी मैत्रीण कुसुम एका खोलीत राहत होतो. कुसुम सरकारी दवाखान्यात नर्स. नागपूरला गेली असताना तिने हा मासा आणला. मूळ नाव बेटा, पण दुकानदार त्याला फायटर म्हणाला, म्हणून आम्हीही फायटरच म्हणायचो. अंग निळं, शेपटी लालसर, लुगड्याच्या पदरासारखी पसरलेली. तो एकटाच ठेवावा लागतो. दुसरा नर दिसला की जीव जाईपर्यंत भांडतो.

पुढे कुसुमचं लग्न झालं आणि ती चंद्रपूरला गेली. बरणी माझ्याकडे राहिली.

त्यानंतर मी खोलीत एकटीच होते. एक्स्चेंजमध्ये दिवसभर कानाला लोकांचे आवाज असायचे. कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला, कुणाची बदली झाली, सगळं माझ्या हातून जोडलं जायचं. "बोला, नागपूर लागलं," एवढंच माझं वाक्य. ड्युटी संपवून घरी आले की बोलायला कुणी नसे. मग मी माशाशी बोलायची. तो काचेजवळ यायचा, कल्ले हलवायचा. मी चिमूटभर सुकं खाद्य टाकायची. थोड्या वेळाने आणखी टाकायची, कारण खाद्य टाकलं की तो वर येई.

डिसेंबरात थंडी पडली. नागझिऱ्याच्या जंगलाकडून वारा यायचा आणि माझी खोली उत्तरेला. एक दिवस खाद्य टाकलं तर तो आला नाही. मला वाटलं, पोट भरलं असेल. दुसऱ्या दिवशीही तो तळाशीच. शेपटी मिटलेली, रंग राखाडी. पोट मात्र फुगलेलं. मी काचेवर टिचकी मारली. त्याने एक डोळा माझ्याकडे केला आणि पुन्हा पडून राहिला. इंग्रजीत याला लेथार्जी म्हणतात. लेथार्जी म्हणजे मरगळ. मला तो शब्द डॉक्टरांनी नंतर सांगितला, पण ती मरगळ मी ओळखली होती. रविवारी मी स्वतः तशीच पडून असायची.

दवाखान्यात बाकावर बरणी मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय हाय जी बरणीत?"

"मासोळी आहे."

"खाची का पोसाची?"

"पोसायची."

त्याने थोडा विचार केला. मग आपली शेळी बाजूला ओढली आणि म्हणाला, "बसा नीट. धक्का लागंल तिले." कुणीही हसलं नाही.

डॉक्टरांनी उपचार सांगितले ते असे. काही दिवस पूर्ण उपास. बरणी कोमट पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवायची, म्हणजे आतलं पाणी हळूहळू ऊब धरतं. एकदम गरम करायचं नाही. पाण्यात खडे मिठाचा लहानसा खडा. उपासानंतर उकडलेल्या वाटाण्याचा गर, साल काढून, टाचणीच्या डोक्याएवढा. आणि सगळ्यात आधी पाणी बदलायचं.

"पाणी कुठलं घालता?" त्यांनी बरणीच्या काचेवरून बोट फिरवलं. बोटाला तांबूस साका लागला.

"हापशीचं."

"त्यात लोह फार आहे. त्याच्या कल्ल्यांवर बसतंय ते. विहिरीचं घाला. तुमच्याकडे विहीर आहे ना?"

विहीर होती. घराच्या अंगणातच होती, पण ती माझ्यासाठी नव्हती.

खोली ठरली तेव्हा आमच्या साहेबांनी घरमालकीणबाईंना माझं फक्त नाव सांगितलं होतं, सुजाता. पहिल्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. आम्ही बौद्ध, आडनावावरूनच कळतं. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाणी समोरच्या हापशीवरून आणत जा, मॅडम." तेव्हापासून मी हापशीवरूनच आणत होते. कुसुमही माझ्यासोबत तिथूनच आणायची. त्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. मी शक्यतो त्यांना हाकच मारत नसे.

त्या दिवशी मी बरणी घेऊन त्यांच्या ओसरीपाशी उभी राहिले. काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचे यजमान धानाच्या चुरण्यासाठी, म्हणजे मळणीसाठी, शेतावर मुक्कामाला गेले होते, मुलगा नागपूरला. घरात त्याही एकट्याच होत्या, पण हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

"काकू, विहिरीचं पाणी पाहिजे होतं. माशासाठी."

"मासोळीसाठी?"

"डॉक्टरांनी सांगितलं. हापशीचं त्याला बाधतं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अन् तू कोणतं पेतं?"

"हापशीचंच."

त्या उठल्या, बादली सोडली, पाणी काढलं आणि माझ्या बादलीत वरून ओतलं. मी खोलीत येऊन दार लावलं. माशाला ते पाणी मिळालं याचा आनंद मानावा की काय करावं, मला कळेना. बरणी धुतली, नवं पाणी भरलं, मिठाचा खडा टाकला. बरणी अ‍ॅल्युमिनियमच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, कोमट पाण्यात ठेवली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून राहिले.

आजारी जिवाची राखण करताना सगळ्यात अवघड असतं ते सोडून जाणं. मला ड्युटीवर जावंच लागे. बोर्डावर बसले तरी डोक्यात एकच, गंजातलं पाणी आता निवलं असेल. एका व्यापाऱ्याचा कॉल मी गोंदियाऐवजी भंडाऱ्याला जोडून दिला. शेवटी दुसऱ्या दिवशी निघताना मी खोलीची किल्ली काकूंच्या ओसरीवर ठेवली. म्हटलं, "जमलं तर दुपारी एकदा पाहाल का? जिवंत आहे का, एवढंच." त्यांनी मान हलवली की नाही, मला दिसलं नाही.

संध्याकाळी येऊन पाहते तर गंजातलं पाणी कोमट. बरणीवर माझाच जुना टॉवेल गुंडाळलेला. काकू दारात आल्या.

"थंडगार पडलं होतं वं. मी बदलवलं. अन् तोंड उघडून राहिला तो, भुकेला हाय का?"

"उपास आहे त्याचा."

"आजाऱ्याले उपास बराच," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचे दिवस असेच गेले. ड्युटी, गंज, पाणी. तो कधी कुशीवर, कधी सरळ. एकदा तर मला वाटलं संपलं, म्हणून मी बरणीत बोट घातलं, तेव्हा त्याने अंग चोरलं. बाजारातून वाटाण्याच्या हिरव्या शेंगा आणल्या. उकडून गर टाकला. त्याने तोंडात घेतला आणि थुंकला. पुन्हा टाकला, पुन्हा थुंकला. तिसऱ्यांदा गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीच्या तळाशी शी दिसली. हे लिहायला संकोच वाटतो, पण ज्यांनी आजाऱ्याची सेवा केली आहे त्यांना यातला आनंद सांगावा लागणार नाही. मी धावत अंगणात गेले.

"काकू, त्याला साफ झाली."

त्या विहिरीवर होत्या. पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की दोर हातातून सुटता सुटता राहिला. मीही हसले. साकोलीत मी कुणासोबत हसल्याला बरेच महिने झाले होते.

हसू ओसरल्यावर त्यांनी दोर माझ्याकडे केला. "दोन बादल्या काढजो," त्या म्हणाल्या. "एक का पुरते?" आणि घरात गेल्या. त्यापेक्षा जास्त त्या या विषयावर कधीच बोलल्या नाहीत. मीही नाही. माफी नव्हती, समेटही नव्हता. मी दोन बादल्या काढल्या. एक माशासाठी, एक माझ्यासाठी.

संक्रांतीच्या सुमारास त्याचा रंग परतला. एका सकाळी पाण्यावर बारीक फेस दिसला. मी घाबरून डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "हे बरं झाल्याचं लक्षण आहे. नर तब्येतीत असला की पिल्लांसाठी फेसाचं घरटं बांधतो. मादी असो वा नसो."

मी काकूंना दाखवलं. त्या बरणीशी वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"कोणासाठी बांधून राहिला वं हा, एकटाच?"

मी बरणीवरचा टॉवेल सारखा केला.

उन्हाळ्यापर्यंत तो छान जगला. मग पुन्हा सुस्तावला. या वेळी पोट फुगलं नव्हतं, पाणीही गार नव्हतं. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे आता वय आहे, ताई. औषध नाही. शांत ठेवा." मी शांत ठेवलं. एका दुपारी तो गेला. काकूंनी लिंबाच्या झाडाखाली खुरप्याने जागा करून दिली, म्हणाल्या, "इथं ऊन लागत नाही त्याले," आणि माझ्याजवळ उभ्या राहिल्या. त्या डॉक्टरांचे आणि काकूंचे उपकार मी मानते. दोघांनाही ते कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते.

एकटेपणा त्यानंतर गेला असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी रिकामी बरणी बघवत नसे.

वर्षभराने माझी बदली तुमसरला झाली. नवी खोली, नवी गल्ली. सामान उतरवून टेम्पो गेला. पूर्वीची मी असते तर दार लावून बसले असते. मी बाहेर आले आणि शेजारच्या दारावर थाप दिली. एका बाईंनी दार उघडलं. मी नाव सांगितलं, न विचारता आडनावही सांगितलं आणि काडीपेटी मागितली.

काडीपेटी माझ्याकडे होती. तरी मागितली.