गोझीच्या आईसाठी तीन दिवस

फोन दुपारी आला. मी जेवून जरा आडवी झाले होते. नात मोबाइल घेऊन आली, "दादी, इट्स फॉर यू, फ्रॉम इंग्लंड," म्हणाली आणि फोन माझ्या हातात ठेवून निघूनही गेली. पलीकडे एका बाईचा आवाज होता. "इज दिस बाबी?" मला बाबी म्हणणारं जगात एकच माणूस होतं आणि हा आवाज तिचा नव्हता. पुढचं काही ऐकायच्या आधीच मला कळलं, गोझी गेली.

खरं तर माझं नाव सफिया. पण साठ वर्षांपूर्वी दुबईत, देऱ्यात, माझ्या मिस्टरांचे मित्र घरी यायचे, ते मला भाभी म्हणायचे. गोझीला वाटलं, तेच माझं नाव. तिच्या तोंडी त्याचं बाबी झालं. मीही तिचं खरं नाव, न्गोझी, कधी नीट उच्चारलं नाही. पहिलं अक्षर जिभेवर येईचना, म्हणून गोझी. दोघी एकमेकींना चुकीच्याच नावाने हाक मारत राहिलो, आणि दोघींनी ओ दिली.

फोनवर तिची मोठी मुलगी होती, अडा. रविवारी पहाटे झोपेतच गेली म्हणाली. फार त्रास झाला नाही. मी अशा वेळी जे बोलतात ते बोलले. मग पोरीला जरा बरं वाटावं म्हणून म्हटलं, आता ती तिच्या आईला भेटली असेल. बिचारीची आई लढाईत गेली, शेवटचं तोंडही बघता आलं नव्हतं तिला...  मग अडा हळूच म्हणाली, "कुठली आई, आंटी? ग्रॅनी तर आमच्याकडेच होती. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते."

त्यानंतर मी काय बोलले, मला आठवत नाही. त्याला आता सहा आठवडे झाले. गोझीच्या आईसाठी तीन दिवस बसणारी मी. चार बायका जमवल्या मी, कुराण वाचून घेतलं मी. आणि ती बाई जिवंत होती! हे गोझीला ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक असेल तर ती गप्प का बसली? लिहून काढलं तर काही उलगडेल असं वाटलं, म्हणून लिहायला बसले आहे.

मी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातली, मराठी शाळेत सातवी झालेली. पासष्ट साली लग्न होऊन दुबईला आले. मिस्टर एका शिपिंग एजंटाकडे क्लार्क होते. देऱ्यात एका इराणी व्यापाऱ्याच्या घरात आम्हाला दोन खोल्या होत्या. मधे वाळूचं अंगण, पलीकडे तिसरी खोली. पिण्याचं पाणी गाढवावरून डब्यात यायचं, अंगणातल्या विहिरीचं पाणी खारट, ते धुण्याभांड्याला. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे सगळं मी रडत रडत शिकत होते. वर्षभराने त्या तिसऱ्या खोलीत इस्पितळातली नवी नर्स राहायला येणार असं कळलं. क्वार्टर्स भरलेली होती म्हणून दोन महिन्यांपुरती. ती साडेतीन वर्षं राहिली.

आली त्या दिवशी मी काय केलं ते सांगायला हवं. उंच, काळीभोर, डोक्याला रंगीत फडकं बांधलेली ती बाई ट्रंक घेऊन अंगणात उभी राहिली आणि मी दाराला आतून कडी घातली. तशी बाई मी पाहिलीच नव्हती. संध्याकाळी मिस्टरांनी सांगितलं की ती नायजेरियाची आहे, इंग्लंडात शिकलेली आहे, आपल्या साहेबापेक्षा चांगलं इंग्रजी बोलते. मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. तरी आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

बोलणं झालं ते सोड्यांमुळे. गावाहून आईने लाँचवरच्या एका माणसाबरोबर सुकवलेली सोललेली कोळंबी पाठवली होती. मी ते सोडे तव्यावर भाजत होते, तर दारात गोझी. डोळे मिटून वास घेत होती. तिने आपल्या भाषेत काही म्हटलं, मग इंग्रजीत, आणि शेवटी मूठभर सोडे उचलून छातीशी धरले. त्यांच्याकडेही सुकी कोळंबी वाटून रश्शात घालतात, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी एवढंच समजलं की ही बाई माझ्यासारखीच उपाशी आहे. पोट भरलेलं, तरी उपाशी.

मग आमचं स्वयंपाकघर एकच झालं, आणि भाषाही: माझं मोडकं इंग्रजी, बाजारातले अरबी-हिंदी शब्द, बाकी हातवारे. मी भाकरीसाठी तांदळाच्या पिठाची उकड काढली की ती त्यातला अर्धा गोळा आपल्यासाठी ठेवून घ्यायची. तिच्या गावी कंदाचा गोळा करून रश्शात बुडवून गिळतात. इथे कंद कुठला? उकडीवर भागवायची. भेंडीवरून मात्र आमचं भांडण व्हायचं. मी भेंडीची तार जावी म्हणून ती परतून परतून कोरडी करणार आणि ही म्हणणार, सगळी चव त्या तारेतच आहे, ती तू का मारतेस. शेवटी दोन पातेली झाली. तिचे पांढरे युनिफॉर्म दोरीवर वाळेपर्यंत धुळीने पिवळे व्हायचे. ओली चादर आडोशाला बांधून कपडे कसे वाळवायचे ते मी तिला दाखवलं. औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी कसं वाचायचं आणि डॉक्टरसमोर मान खाली न घालता कसं बोलायचं, ते तिने मला.

तिचे केस हा मोठाच प्रश्न होता. त्यांच्याकडे केसांच्या बटा करून एकेकीला काळा दोरा गच्च गुंडाळतात, त्या काड्यांसारख्या ताठ राहतात. हे स्वतःचं स्वतः होत नाही, आणि सगळ्या दुबईत ते करणारं कोणी नव्हतं. तिने मला शिकवलं. दर शुक्रवारी दुपारी ती पाटावर बसायची, मी मागे. असा जाड दोरा आणायला आम्ही पहिल्यांदा आब्र्यात बसून, म्हणजे त्या छोट्या होडीतून, खाडी ओलांडून बर दुबईला गेलो. कापडाच्या दुकानात दुकानदाराने मला हिंदीत विचारलं, ही कोणाच्या घरची आहे? म्हणजे कोणाची नोकर, किंवा त्याहून वाईट, गुलाम. त्या काळी तिच्या रंगाच्या माणसाला बाजारात हाच प्रश्न असायचा. बाहेर आल्यावर गोझीने विचारलं, तो काय म्हणाला? मी म्हटलं, दोऱ्याचा रंग पक्का आहे म्हणाला. ती थांबली. मग म्हणाली, "बाबी, तू खोटं फार प्रेमाने बोलतेस." आणि पुढे चालू लागली. ते वाक्य मी विसरले नाही. तेव्हा मला त्यात फक्त माया दिसली होती. आता वाटतं, दुसरंही काही असेल.

सदुसष्ट साली तिच्या देशात लढाई सुरू झाली. मिस्टर रेडिओ ऐकून सांगायचे की नायजेरियाचे दोन तुकडे पडलेत आणि गोझीची माणसं वेगळ्या झालेल्या भागात अडकलीत. पत्रं बंद झाली. तिची पत्रं मिस्टरांच्या ऑफिसच्या पोस्टबॉक्सवर यायची. रोज दुपारी ते घरी आले की ती अंगणात येऊन त्यांच्या हातांकडे बघायची, विचारायची नाही. तेही मान हलवायचे, बोलायचे नाहीत. एकदा मी तिला विचारलं, तू आता नायजेरियाची की त्या नव्या देशाची? ती म्हणाली, मला माहीत नाही, बाबी, पासपोर्टला माहीत असेल.

पत्रं बंद होणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. माझा सख्खा मामा कराचीत होता. पासष्टच्या लढाईत टपाल तुटलं, तो वारला त्याची बातमी आईला चार महिन्यांनी कळली. तोवर ती त्याच्यासाठी सोडे सुकवून ठेवत होती. म्हणून अडुसष्ट साली एका दुपारी मिस्टर लिफाफा घेऊन आले, त्यावर भलत्याच देशाचं तिकीट आणि पत्ता अनोळखी अक्षरात, तेव्हा मी हातातलं काम टाकून उठले. गोझीने ते पत्र माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं. मग "ममा..." म्हणून आपल्या भाषेत एक लांब वाक्य बोलली. ते मला कळलं नाही हे तिच्या लक्षात आलं असावं. माझ्याकडे बघून तिने एकच अरबी शब्द उच्चारला, "खलास."

मी विचारलं, "ममा?" तिने मान हलवली. होकाराची की कशाची, हे आता मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तेव्हा मला काही शंका नव्हती. ती खाली बसली आणि केसांवरचा दोरा सोडायला लागली. तो तिला सुटेना, म्हणून मग मीच सोडला. एकेक बट मोकळी केली.

पुढचं सगळं माझं. आमच्याकडे मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. मी तिच्या खोलीतला स्टोव्ह उचलून आणला. आसपासच्या आपल्या कोकणातल्या चौघी जणींना निरोप धाडला. त्या आल्या, कुराणाचे सिपारे, म्हणजे भाग, वाटून घेतले, वाचले. ती ख्रिश्चन आहे ना, असं एकीने हळूच मला विचारलं. मी म्हटलं, आई ती आई. गोझी भिंतीला टेकून चटईवर बसून होती, मोकळ्या केसांनी. रडली नाही. बायका उठताना तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि ती प्रत्येकीचा हात क्षणभर धरून ठेवायची. ज्या बायका आधी तिला बघून पदर सावरून बाजूला व्हायच्या, त्याच ह्या. तिसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे गोड वाटायला मी मालपुवे केले. पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला, तर ती हसली. मोठ्याने हसली आणि हसता हसताच रडायला लागली. किती वेळ रडत होती... दुःख असं कसंही बाहेर पडतं, असं मी बायकांना सांगितलं. चौथ्या दिवशी ती ड्यूटीवर गेली. पत्राचा विषय आमच्यात परत कधी निघाला नाही. मी जखम उकरायची नाही म्हणून काढला नाही. तिने का काढला नाही?

साठचं दशक संपता संपता ती इंग्लंडला गेली, तिकडच्याच इस्पितळात. पुढे लग्न, मुलं. आमची परत भेट नाही. दर ईदला आणि नाताळात कार्ड यायचं, तीन-चार ओळींचं. अडाचा फोन आल्यावर मी ती सगळी कार्डं काढली. चष्मा लावून वाचता वाचता एका जागी अडकले. सुरुवातीच्या वीस-पंचवीस वर्षांच्या दर कार्डाच्या शेवटी लिहिलेलं, ममा तुला सलाम सांगते. इतकी वर्षं मला वाटत होतं, मुलं तिला ममा म्हणतात, म्हणून ती स्वतःलाच गमतीने ममा म्हणवते आहे. ती ममा खरोखरची ममा होती. सलाम करत होती मला, आणि मी तिच्या नावाने मेलेल्यांसाठीची फातिहा पढत होते.

पंधरा दिवसांपूर्वी अडाचा पुन्हा फोन आला. म्हणाली, आंटी, मला एक आठवलं. ग्रॅनी आम्हाला लहानपणी सांगायची की मला अरबस्तानात एका बाईने एकदा पुरलेलं आहे, गोड वाटून पुरलेलं आहे, म्हणून मृत्यू माझा पत्ता विसरला. आम्हाला वाटायचं, ग्रॅनीच्या गोष्टी. म्हणजे गोझीने आईला सांगितलं होतं! आणि त्या हसल्या होत्या मायलेकी. आपल्याकडेही म्हणतात की जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. ग्रॅनी नव्वदीपर्यंत जगली. मीही हसले फोनवर. मग मी अडाला केसांचं सांगितलं, दोरा सोडल्याचं. ती म्हणाली, "आंटी, आमच्याकडे बाई केस असे मोकळे करते ते घरातलं कोणी गेल्यावर." गोझीला एक धाकटा भाऊ होता, लढाईत गेला. त्याचा फोटो घरात आहे. पण तो कधी गेला, गोझीला ते कधी कळलं, हे कोणी बोलत नाही. ते पत्र त्याचं असेल. नसेलही. पत्र कुठेच सापडत नाही.

मग तिने मला खरं का नाही सांगितलं? इंग्रजीत सांगून मला कळणार नाही असं वाटलं असेल. किंवा मी इतकी धावपळ करत होते, तर म्हटलं असेल, करू दे. किंवा भावासाठी बसायलाच हवं होतं तिला, आणि कोणाच्या नावाने बसलोय याने काय फरक पडतो... मुलाला मी हे सगळं सांगितलं. तो रास अल खोरच्या त्याच्या गोदामातून दमून आलेला, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अम्मी, इतक्या वर्षांनी कशाला डोकं शिणवतेस." त्याचं खरं आहे. पण डोकं ऐकत नाही.

दर गुरुवारी मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या नमाजानंतर मी ऊद लावते आणि माझ्या माणसांच्या नावाने फातिहा देते. आईवडील, सासूसासरे, कराचीचा मामा, मिस्टर, आणि मग गोझीची आई. अडाचा पहिला फोन आला त्यानंतर दोन गुरुवार मला ते नाव घेताच आलं नाही, जीभ अडखळली. आता परत घेते. आता ती खरोखरच गेलेली आहे, तिचा हक्क आहे. तिच्यानंतर गोझी. आपल्या फातिहात तिचं नाव चालतं का, असं मुलाने विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि गोझीनंतर मी थोडी थांबते. तिथे तिच्या भावाचं नाव यायला हवं, पण मला ते ठाऊक नाही, अडाला विचारायचं राहिलंच. उदाचा धूर वर जात असतो, नात दारातून डोकावून विचारते, "दादी, आर यू डन?" मी हातानेच तिला थांब म्हणते.