तातेरावांचा निळा मॉनिटर

रोज सकाळी आपल्या फोटो स्टुडिओचं शटर वर केलं, उदबत्ती लावली, की तातेराव आदल्या दिवशी आलेला एखादा फोटो घेऊन रस्त्याच्या कडेला जात. वाटूर फाट्यावर परतूरची एसटी थांबते, तिथं कोवळं ऊन आधी येतं. फोटो हातभर लांब धरायचा, मान थोडी तिरकी करायची आणि चहा उकळेपर्यंत बघत राहायचं. "ट्यूबलाइट लबाड असती," ते म्हणत, "रंग उन्हालाच इचारावा."

रंगाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता. फोटो काळेपांढरे होते तेव्हा ते कापसाच्या बोळ्यानं त्यांवर रंग चढवत. शालू लाल की हिरवा ते घरच्यांनी सांगायचं आणि त्यातला नेमका डाळिंबी की कुंकवाचा, मोरपंखी की पोपटी ते तातेरावांनी ठरवायचं. पुढं रंगीत रोल आले, मग कॉम्प्युटर आला. कॅमेरा बद्रीनाथच्या, त्यांच्या मुलाच्या, गळ्यात गेला. पायांनी लग्नघरं फिरणं होईना, म्हणून तातेरावांकडं एकच काम उरलं : कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसून अल्बमचे रंग लावायचे. ती खुर्ची त्यांची होती.

दोन हजार तीनच्या लग्नसराईआधी परतूरच्या शिबिरात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा पुढच्या शिबिरात काढू, असं डॉक्टर म्हणाले. हिरवी पट्टी सुटली त्याच आठवड्यात जालन्याहून नवा मॉनिटर आला, जुना फार अंधूक झाला होता म्हणून. बद्रीनाथनं हार घातला, नारळ फोडला, बटण दाबलं.

"निळा मारतो," तातेराव म्हणाले.

"कुठं निळा, दादा? दुधावानी तर दिसून राह्यला."

"दूध कधी बघितलं का तू? हे ताक बी न्हाई. हे आभाळ हाय."

मग सुरू झालं. बद्रीनाथनं वायर काढून आतल्या पिना तपासल्या, एकही वाकलेली नव्हती. शेजारचा स्पीकर त्यातल्या लोहचुंबकामुळं रंग बिघडवतो असं कुणी सांगितलं, म्हणून तो माळ्यावर गेला. जड स्टॅबिलायझर टेबलाखालून दाराजवळ सरकला. मॉनिटरच्या बटणांत बिघडलेले रंग जागेवर आणायची एक सोय होती, ती दाबली की पडदा धडकन थरथरून पुन्हा स्थिर व्हायचा. तातेरावांनी ती इतकी दाबली की बद्रीनाथ म्हणाला, "दादा, त्याला हिवताप आणता का आता?" शेवटी फोनवर जालन्याच्या मेकॅनिकनं पडद्याचा रंग उबदार करायची युक्ती सांगितली. तीही केली. निळा थोडा उतरला, गेला नाही.

दरम्यान आष्टीच्या अप्पारावांच्या मुलीचा अल्बम अडला होता. तातेरावांनी मनाशी हिशेब केला : पडदा निळा आहे तर आपण फोटोत पिवळा वाढवू. ते वाढवत गेले. नवरीचा चेहरा पडद्यावर माणसासारखा दिसू लागला तेव्हा थांबले. लॅबमधून फोटो आले ते त्यांनी सकाळच्या उन्हात धरून पाहिले. सुरेख होते.

अप्पाराव दुसऱ्याच दिवशी अल्बम परत घेऊन आले.

"तातेराव, हळद एक दिवसाची असती. तुम्ही तर पुऱ्या लग्नाला लावली. ह्यो आमचा जावई बघा, कावीळ झाल्यावानी. टोप्या पिवळ्या, भात पिवळा, भटजी पिवळा!"

"रंग बराबर हाय, अप्पाराव. मी उन्हात बघितलाय."

अप्पारावांनी बद्रीनाथकडं पाहिलं. बद्रीनाथनं मान खाली घातली आणि अल्बम ठेवून घेतला. "दुसरा काढून देऊ, काका. बिलकुल काळजी करू नका."

जालन्याच्या दुकानदारानं कुरकुर करत मॉनिटर बदलून दिला. दुसराही निळा निघाला. तातेराव त्याच्यापुढं बसून राहिले. कॉम्प्युटरची ती खोली पूर्वी फोटो धुण्याची होती, तिला खिडकी नव्हती.

त्या रविवारी अंघोळ करून त्यांनी धुतलेला सदरा उचलला आणि स्वयंपाकघराकडं ओरडले, "नीळ जरा बेतानं टाकत जा! आख्खी पुडी ओतली काय?"

त्यांच्या पत्नी द्वारकाबाई पिठाच्या हातानंच दारात आल्या. "संक्रांतीपासून घरात नीळ न्हाई. चारदा सांगितलं तुम्हाला आणा म्हणून. आता बिननिळीचं बी निळं दिसतंय का?"

त्या हसत आत गेल्या. तातेरावांच्या हातात सदरा तसाच राहिला. औषधाचा थेंब टाकायची वेळ झालीच होती. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. सदरा साईच्या रंगाचा झाला, भिंत साईची झाली, सगळं ओळखीचं. हात काढून डावा डोळा झाकला. निळीत बुडवून काढलेला सदरा, निळसर भिंत, चुन्याचे पोपडे एकेक मोजता यावेत इतके स्पष्ट.

ते अंगणात गेले. रस्त्यावरून कापसाची ट्रॉली चालली होती. एका डोळ्यानं कापूस तुपासारखा होता, दुसऱ्यानं निळसर. कापसाला तर कुणी वायर जोडली नव्हती.

मॉनिटर चांगला होता. पहिलाही चांगला होता. आणि मोतीबिंदूमुळं डावा डोळा कधीपासून पिवळा पाहत होता, दहा वर्षं की वीस? वाटूरपासून आष्टीपर्यंत किती भिंतींवर त्यांनी रंगवलेल्या सुना, गेलेले सासरे, जोडीनं बसलेली नवराबायको टांगलेली होती. त्यांतलं कोण खऱ्या रंगाचं होतं? अप्पारावांना सांगावं तर खुर्ची गेली. न सांगावं तर त्या खुर्चीत बसून आपणच प्रत्येक अल्बम बिघडवणार. डाव्या डोळ्याकडून उजव्याकडं आणि उजव्याकडून डाव्याकडं, याशिवाय जायला जागाच नव्हती. ते आत आले आणि तोच सदरा अंगात घातला.

बुधवारी अप्पाराव पुन्हा दुकानात आले. या वेळी मुलीलाही आणलं होतं. तिनं शालू नेसलेला होता, रंग ताडून घ्यायला. बद्रीनाथनं पडद्यावर तिचा फोटो उघडला आणि सवयीनं बाजूला उभा राहिला. तातेराव खुर्चीत होते. माऊसवर त्यांचा हात होता.

"बघा आता नीट," अप्पाराव म्हणाले. "सांगा, बराबर हाय का?"

तातेरावांनी पडद्याकडं पाहिलं, मग शालूकडं. पुन्हा पडद्याकडं. चष्मा काढून पुसायच्या निमित्तानं एक डोळा मिटला, मग दुसरा. मुलगी अवघडून हसली. माऊस हलला नाही. दाराबाहेर परतूरची एसटी आली, कंडक्टर ओरडला, गाडी गेली.

"दादा?" बद्रीनाथ म्हणाला.

तातेराव टेबलाला धरून उठले. खुर्ची त्यांनी मागं सरकवली नाही, मुलाच्या बाजूला वळवून ठेवली. बद्रीनाथ क्षणभर उभाच राहिला, मग बसला. त्यानं पिवळा थोडा कमी केला, आणखी थोडा, आणि मुलगी म्हणाली, "हां, ह्योच."

त्यानंतर तातेराव त्या खुर्चीत कधी बसले नाहीत. पुढं डाव्या डोळ्याचाही मोतीबिंदू काढला, तरी नाही. आपल्या डोळ्यांबद्दलही ते घरात कुणाशी बोलले नाहीत. त्या दिवशी चपला पायात सरकवत ते दाराशी थांबले होते, आणि खुर्चीकडं न बघता एवढंच म्हणाले होते :

"चहा सांगून येतो. अप्पाराव, तुम्हाला साखर चालती ना?"