बारवेतली बाई आणि गहिनीनाथचा कान

युसूफ वडगावच्या पंचक्रोशीत कुणाची पाण्याची मोटार विहिरीत पडली, की माणूस आधी कपाळाला हात लावतो आणि मग गहिनीनाथला फोन. मोटारी, घागरी, एकदा तर अख्खी मोटारसायकल त्यानं तळातून काढली. रिकाम्या हातानं वर आला, असं पंचवीस वर्षांत झालं नव्हतं. जिल्ह्याच्या बचाव पथकानं पाठीवर सिलेंडर बांधून बुडायला शिकवलं, तेव्हा तर गड्याचे पाय जमिनीला लागेनात. उतरताना नाक दाबून कान मोकळे करायचे, हेही पथकानं शिकवलं होतं. ते मात्र त्यानं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

कारण त्याची खरी विद्या चुलत्याची, अर्जुनतात्यांची. तात्यांच्या काळी ना सिलेंडर, ना पाण्यातला चष्मा. पोटाशी धोंडा धरायचा आणि जायचं खाली. त्यांचं सांगणं एकच, कान दुखला तरी थांबायचं नाही. एकदा पडदा फुटला की दुखणं कायमचं मिटतं. मिटलं होतं खरं. तात्यांच्या कानाशी फटाका फोडला तरी त्यांना कळत नाही, आणि घराण्यात हे शौर्य म्हणून सांगितलं जायचं. आता बोला!

मागच्या भादव्यात धर्मापुरीकडच्या एका गावात जुन्या बारवेत मोटार पडली. बहात्तरच्या दुष्काळातही या बारवेचा तळ कुणी पाहिलेला नाही. गहिनीनाथला सर्दी होती, पण मोटारवाला घायकुतीला आलेला. उतरला. दोन पुरुष खोलीवर कान ठणकायला लागला, त्यानं दातओठ खाल्ले आणि आणखी खाली गेला. बॅटरीचा उजेड भिंतीवर पडला. भिंतीतून एक दगडाची बाई त्याच्याकडं बघत होती.

तिचा चेहरा डोळ्यांत भरतोय तोच डाव्या कानात टप्पकन आवाज झाला. गार पाणी आत घुसलं आणि सगळी बारव गरगर फिरली. वर कुठं, खाली कुठं, काही कळेना. कमरेचा दोर हाताला लागला म्हणून वाचला. पायरीवर येऊन भडाभडा ओकला, कानातून रक्त आलं. बाईचं सांगितलं तर लोक हसले; भवळीत माणसाला काय वाट्टेल ते दिसतं, म्हणाले. वाईट याचं, की त्याची त्यालाही खात्री देता येईना.

घरी बायकोनं, सुकन्यानं, मायेनं लसणाचं तेल कोमट करून कानात घातलं आणि तो किंचाळत उठला. अंबाजोगाईच्या डॉक्टर रुचिकाताईंनी तेलाचं ऐकून आधी दोघांना झाप झाप झापलं. मग कानात बारीक कॅमेरा घालून त्याला टीव्हीवर त्याचाच कान दाखवला. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतका पातळ पडदा, मोत्यासारखा चमकणारा, आणि त्याला मुगाएवढं भोक. गहिनीनाथ बघतच राहिला. एवढ्याशा पापुद्र्यावर आपण पंचवीस वर्षं विहिरीच्या विहिरी पेलल्या! त्यानं नकळत टीव्हीला हात जोडले.

पुन्हा असाच फुटला तर हा कान तात्यांच्या वाटेनं जाईल, असं ताईंनी स्पष्ट सांगितलं. पडदा भरेपर्यंत कानात पाण्याचा थेंब नको, आंघोळीलासुद्धा. परत बारवेत उतरता येईल का, हे त्यानं चाचरतच विचारलं. त्याला वाटलं, हाकलून देतील.

“पडदा भरला आणि ऐकायची तपासणी नीट आली, तर जा,” ताई म्हणाल्या. “पण सर्दीत नाही. दर दोन हातांवर कान मोकळा करायचा, दुखायच्या आधी. नाही झाला तर वर यायचं. त्यात कमीपणा नाही.”

ती बाई खरी आहे का, एवढंच त्याला बघायचं होतं. आणि कान शाबूत ठेवून बघायचं होतं.

माघात पडदा भरल्याचं, ऐकायची तपासणीही नीट आल्याचं ताईंनी सांगितलं. मोटार केव्हाच गळ टाकून निघाली होती, तरी गहिनीनाथ उतरणार म्हणून निम्मं गाव बारवेवर जमलं. तात्याही आले. पथकातला रविराज सगळा साज चढवून, दोर धरून पायरीवर उभा. गहिनीनाथ पाय खाली, डोकं वर असा सावकाश उतरला. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटून हलकेच फुंकायचं. तिसऱ्या थांब्याला डावा कान उघडेना. हातभर वर सरकला, पुन्हा फुंकलं. तरी उघडेना. बाई असलीच तर चार हातांवर होती! पूर्वीचा गहिनीनाथ गेला असता. हा आपणहून वर आला, रिकाम्या हातानं, आयुष्यात पहिल्यांदा. कुणीतरी शिट्टी मारली. तात्या पाठ फिरवून पायऱ्या चढून गेले. गहिनीनाथला रडू आलं, म्हणून त्यानं चष्मा बराच वेळ काढलाच नाही.

आठ दिवसांनी भर दुपारी, पुन्हा गाव जमलेलं असताना, तो उतरला. या वेळी प्रत्येक थांब्याला कान चुटकी वाजावी तसा उघडत गेला. कॅमेरा नेऊन उपयोग नव्हता, त्या हिरव्या पाण्यात नुसता गाळ दिसतो. पण वितीवर बॅटरी धरली, आणि ती होती. ओठांच्या कोपऱ्यात हसू, वाकलेली कंबर, पायात तोडे. तिच्या शेजारी आणखी एक, तिच्यापुढं आणखी. सगळ्या भिंतीभर बाया उभ्या होत्या. शेकडो वर्षं अंधारात, कुणी बघायला नसताना, अशा नटून. गहिनीनाथचा श्वास अडकला; मग शिकवलेलं आठवून तो सावकाश घेत राहिला, आणि त्यानं पोट भरेस्तोवर बघितलं.

वर येऊन त्यानं नळी तोंडातून काढली, तोवर तात्या पायऱ्या उतरून आलेही. स्वतःच्या पोटरीवर बोट टेकवून त्यांनी विचारलं, “पहिल्या बाईच्या हितं काय हाय रे?”

गहिनीनाथ चमकला. हे त्यानं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं तात्यांच्या हातावर दोन बोटं सरकवत नेली आणि मागून एक बोट वाकडं उभं केलं. विंचू.

तात्या त्याच्याशेजारी ओल्या पायरीवर बसले.

“माझ्या बी हाताला लागलता, अंधारात चाचपताना,” ते म्हणाले. “पंचेचाळीस वर्षं झाली. तवाच कान गेले. लोक म्हणले भवळ हाय, मी बी तेच धरून बसलो.”

मग त्यांनी पुतण्याचं ओलं डोकं जवळ ओढलं आणि त्याच्या डाव्या कानावर तळवा ठेवला.

“ऐकू येतंय न्हवं तुला?”

गहिनीनाथनं मान हलवली. तात्यांनी तळवा काही उचलला नाही. भरल्या बारवेत, सगळ्यांसमोर, ते ढसाढसा रडले.