माझ्या पदरात टाकलेली कारणे

झाल्बाय नावाच्या इथल्या औषधी झुडपाच्या वाळक्या पानांचा तो वास: कापूर आणि ओली लोकर यांच्या मधला कुठला तरी, घशात कडू उतरणारा. अंगावरचे दूध आटावे म्हणून जर्मनीतल्या आमच्या गार्चिंग गावच्या सुईणीने मला त्या पानांचा काढा दिवसभर प्यायला सांगितला होता. दूध पिणारे कोणी नव्हते. आठव्या महिन्यात मुलगी पोटात हलेनाशी झाली, आणि जन्मली ती निःशब्द, नखांसकट पुरती घडलेली.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी आम्हांला बोलावून मऊ, धुतल्यासारख्या आवाजात सांगितले की कारण सापडले नाही. काही प्रश्नांना उत्तर नसतेच. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारले, उत्तर नाही, की तुम्हांला मिळाले नाही? त्यांनी माझा हात थोपटला. त्या थोपटण्याचा मला इतका संताप आला की लिहिताना आजही हात मागे घ्यावासा वाटतो.

नवरा जवळच्या उंटरश्लाइसहाइम गावी एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासत असे. त्याच्या कामाची रीतच अशी की तुटलेल्या भागामागचे कारण हाती लागेपर्यंत ‘का’ विचारत खोल जायचे. ‘कारण नाही’ हे उत्तर तिथे चालत नसे. तीच रीत तो जेवणाच्या टेबलावर घेऊन आला. काय उचललेस, किती दमलीस, सायकल कधी सोडलीस. दुःखाने तो असा झाला होता, हे मला कळत होते. कळल्याने राग कमी होत नाही. भाताची वाफ विरून जाई आणि मी त्याच्यासमोर एखाद्या तडकलेल्या पुर्ज्यासारखी बसलेली असे.

रविवारी आमच्याकडे बुद्धवंदनेला काही मराठी घरे जमत. त्यांतले एक संशोधक, वाचलेले, सौम्य. मेणबत्त्यांपुढून उठताना ते मला म्हणाले, “वहिनी, तथागतांनीसुद्धा काही प्रश्नांवर मौनच धरलं होतं.”

“ते प्रश्न जग शाश्वत की अशाश्वत, असले होते, भावजी,” मी म्हणाले. “माझा प्रश्न एवढासा आहे.” आणि दोन्ही तळवे समोर धरून मी तिची लांबी दाखवली. कुणीतरी जर्मन हवेविषयी बोलू लागले.

एकीकडे उत्तर नसते म्हणणारे, दुसरीकडे उत्तर म्हणून माझ्याकडे बोट दाखवणारे. दोघांनाही घाई एकच होती, मी गप्प बसावे याची.

बाळंतपणासाठी सासूबाईंचे तिकीट आधीच काढलेले होते. त्या आल्या. डिंकाचे लाडू आणले. जुन्या पातळाची शिवलेली दुपटी मात्र गावीच ठेवली. आणि रोज स्वयंपाक करता करता, मीठ टाकावे इतक्या सहज, म्हणत, “आपण ग्रहणबिग्रहण पाळत नाही ते बरोबरच. पण पोटुशी बाई सायकल चालवते होय गं?”

एका दुपारी माझा तोल सुटला.

“अहो आई, सायकल नसती तर काय शोधलं असतंत? जिना? माझं वाचन? कारण नसेल तर ते मी सोसेन, असेल तर तेही सोसेन. पण हाताला लागेल ते उचलून माझ्या पदरात टाकू नका. माहीत नाही, एवढं तरी म्हणा कुणीतरी.”

माझा आवाज शेजारच्या भिंतीपलीकडे गेला असणार. ओट्याला टेकून, खिडकीकडे तोंड करून, सासूबाईंनी सांगितले की माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, आणि तो रडलाच नाही. हे घरात कुणी कधी बोलले नव्हते. त्यांच्या मुलालाही बहुधा ठाऊक नव्हते.

माझा राग अजून उतरला नव्हता. त्याच रागात विचारले, “मग तेव्हा घरच्यांनी काय कारण ठरवलं?”

त्यांनी पदराने हात पुसले, एकेक बोट करून, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मी.”