विम्याचा डॉक्टर घरी आला

सासूच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा माझं तिसरं पोर अजून अंगावर पीत होतं. सत्तर सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. आम्ही वलवणला राहायचो. सासूची उजवी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. तिला उचलायचं, पुसायचं, भरवायचं, खालची फडकी धुवायची, हे सगळं माझ्याकडे आलं. कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. घरात दुसरी बाई नव्हती, एवढंच.

माझं माहेर कार्ल्याचं. एस.टी.नं अर्ध्या तासाचीही वाट नाही. तिथं माझी आई होती, तिला दिसेनासं झालं होतं. दीड वर्षात मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. एक दिवस जावं, रात्र तिच्याजवळ काढावी आणि दुसऱ्या दिवशी परत यावं, याहून जास्त मला काही नको होतं. पण सासूला कुणाच्या हातात देऊन जाणार? शेजारीण बसायला तयार असायची, हात लावायला नाही.

आमचे मालक लोणावळ्यात कारखान्यात होते. पगारातून विम्याचं कापून जायचं. विम्याचं कार्ड ट्रंकेत पडलेलं होतं, सोबत एक माहितीची पुस्तिका. ती कुणी उघडली नव्हती. मी चौथी शिकलेली. पावसाळ्यात फडकी चुलीवर सुकवावी लागायची आणि जळू नयेत म्हणून तिथंच बसून राहावं लागायचं. तसं बसल्या बसल्या मी ती पुस्तिका वाचून काढली. दोन दिवस लागले. सरकारी मराठी ती, वाक्याचं शेपूट सापडेपर्यंत तोंड विसरायचं. पण एवढं समजलं की कामगारावर अवलंबून असलेले आईवडील विम्यात धरतात, आणि आजाऱ्याला दवाखान्यात नेता येत नसेल तर घरी येऊन उपचार करतात.

नवीन लग्न झालं तेव्हा मी लोणावळ्याच्या बंगल्यांत दूध घालायला जायची. एका बंगल्यात म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. तिच्यापाशी पांढऱ्या लुगड्यातली नर्स असायची. ती म्हातारीला उठवायची, न्हाऊ घालायची, पाठीला पावडर लावायची. सून व्हरांड्यात पत्ते खेळायची. पुस्तिका मिटली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती नर्स होती. मला पत्ते खेळायचे नव्हते, कार्ल्याला जायचं होतं.

मालकांना सांगितलं, विम्यातून घरी नर्स येईल, तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"मग तुमी वाचा."

त्यांनी वाचलं नाही, पण एक दिवस रजा टाकून विम्याच्या कचेरीत गेले आणि तोंड पाडून परत आले.

"काय म्हनलं?"

"रेशनकार्ड बघितलं. म्हनला, घरची प्रमुख तर तुमची आईच हाय. मग ती तुमच्यावर अवलंबून कशी?"

सासरे गेले तेव्हा मालकांनी रेशनकार्डावर आईचं नाव वर घातलं होतं. आमच्याकडं रीतच ती. आई जिवंत असताना मुलानं आपलं नाव तिच्यावर चढवायचं नाही. सगळ्या वलवणात तसंच होतं. मानानं घातलेलं नाव असं आडवं येईल हे कुणाला ठाऊक?

कचेरीतल्या माणसानं तोड सांगितली होती. मला उत्पन्न नाही, मी मुलावर अवलंबून आहे, असा सासूच्या नावानं कागद करायचा. त्यावर सासूचा अंगठा आणि सरपंचाची सही. 

आमची खोली एकच. सासू सगळं ऐकत होती.

"म्या अवलंबून? त्याला पाटीत घालून भात लावायला नेत व्हते म्या. त्याला इचार कोन कुनावर अवलंबून व्हतं."

"आत्याबाई, कागदापुरतं म्हनायचं," मी म्हणाले.

"आज कागदावर म्हनलं, की उद्या तोंडावर म्हनशील, तुला भाकरी आमी घालतो."

"घालतोच की."

"बघ. निघालं का लगेच?"

मालक भाताची खाचरं बघून येतो म्हणून उठले. आईसमोर त्यांचं हे असंच. आठ दिवस कागद देवाच्या फळीवर पडून राहिला. मी रोज विचारलं, तिनं रोज नाही म्हटलं.

बाईचा उजवा अंगठा घेतात. तिची उजवी बाजूच मेलेली होती. एका दुपारी ती भिंतीकडं तोंड करून निजली होती, उजवा हात वर पडलेला. मी थोरल्या पोराच्या दप्तरातली दौत काढली, चिंधीनं तिच्या अंगठ्याला शाई लावली आणि कागद पाटीवर ठेवून दाबला. हात लाकडासारखा. मग रॉकेलनं पुसला. ती हलली नाही. मला वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं तर नाही वाटलं. शाई सांडू नये एवढीच काळजी होती.

सरपंचानं न वाचता सही केली. दीड महिन्यानं सासूचं नाव कार्डावर चढलं. पाणवठ्यावर बातमी माझ्याआधी पोचली.

"तुझं काय बाई," शेजारीण म्हणाली, "सरकारी सासू तुझी. आता सायब येनार तिचं बघायला."

"तुझी बी घाल की सरकारात."

"नगं गं. सरकार परत करील तिला."

आम्ही दोघी हसलो. त्याच दिवशी मी कार्ल्याला जाण्यासाठी ठेवणीतलं लुगडं बाहेर काढून ठेवलं.

डॉक्टर ठरल्या दिवशी आला. चांगला माणूस. मोठ्या रस्त्यापासून चिखलातून चालत आला. त्याच्या मागं नर्स दिसते का म्हणून मी दारातून वाकून पाहिलं. मागं कुत्रं होतं. त्यानं सासूला तपासलं, पालथी करून पाठ पाहिली. कमरेखाली कातडी लाल झाली होती, एका जागी फाटली होती. त्यानं बॅगेतून मलम काढून दिलं.

"दर दोन तासांनी कूस बदलायची, बाई. दिवसा आणि रात्री. खालचं कापड ओलं राहता कामा नये. जखम रोज धुवायची."

"त्याला कोन येनार?"

"म्हणजे?"

"नर्सबाई. ती कवा येनार?"

तो हसला नाही, हे त्याचं बरं. "विम्यात औषध आहे, आणि मी आहे. पंधरा दिवसांनी येत जाईन. उचलायला, पुसायला माणूस मिळत नाही. ते घरचे करतात असं धरलेलं असतं."

घरचे म्हणजे मी. तोवर मी तिला दिवसातून तीनचारदा फिरवायची. दोन तासांचं ठाऊकच नव्हतं. आता ठाऊक झालं आणि त्यातून सुटका राहिली नाही. घरात घड्याळ नव्हतं. कारखान्याच्या भोंग्यावर आणि आगगाड्यांवर मी अंदाज बांधायला लागले.

डॉक्टर गेल्यावर सासू म्हणाली, "शाई नीट निघाली न्हवती त्या दिशी. नखाच्या कडंला ऱ्हायली व्हती."

मी तिच्या अंगठ्याकडं पाहिलं.

"हात मेलाय माझा. डोळं न्हाई."

"मग तवा का बोलला न्हाईत?"

"म्हनलं, येतीबिती का काय खरंच ती नर्सबाई." तिनं तोंड वळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "तुझ्याकडनं धुऊन घ्यायला मला बरं वाटतं व्हय?"

मी मलमाची डबी देवाच्या फळीवर ठेवली. मग तीच म्हणाली, "जाऊन ये कार्ल्याला. दोन तास हायत."

दुसऱ्या दिवशी तिला दाराकडं फिरवलं, शेजारणीला बसवलं आणि निघाले. एस.टी. उशिरा आली. कार्ल्यात उतरून पळतच घरी गेले. आईनं माझे हात चाचपले, नाकापाशी नेले.

"कसला वास गं?"

"मलमाचा."

"ऱ्हाशील ना आज?"

"न्हाई."

भावजयीनं चहा टाकला होता, तो उकळायच्या आत उठले. परतीची गाडी भरलेली, थांबलीच नाही. दुसरी मिळाली. घरी आले तेव्हा तीन तास होऊन गेले होते. सासू तशीच होती, शेजारीण दारात तांदूळ निवडत होती.

"उशीर झाला," मी म्हणाले.

"पाठीला कळलंय."

लुगडं न बदलताच मी तिला भिंतीकडं फिरवलं. ठेवणीतल्या लुगड्याला मलम लागलं.

"आई कशी हाय?" तिनं भिंतीला विचारलं.

"अजिबात दिसत न्हाई आता."

"कोन करतं तिचं?"

"भावजय."

मी फडकी उचलली आणि धुवायला बाहेर गेले. पुढची कूस भोंग्याला होती.