लोरेनबाई आणि कश्यपगोत्री कॅप्टन

मी एकदा एका माणसाला अग्नी देववून आले आहे. तो मेला असं नक्की कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या बायकोला मी विचारलेलं नव्हतं. तो माझ्या ना नात्यातला, ना गावातला, ना देशातला. आणि एवढं सगळं उरकून परतीच्या विमानात बसले तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला स्वतःचं भारी कौतुक वाटत होतं. मी तेव्हा साठीला टेकले होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

तो माणूस म्हणजे आमच्या शेजारच्या लोरेनबाईंचे यजमान.

माझा मुलगा मंदार कतारला, समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर नोकरीला होता. तिकडे जायचं ते हेलिकॉप्टरनं, आणि गेलं की आठवडेच्या आठवडे तिकडेच. सूनबाईंचं ऑफिस, नात लहान, म्हणून नाशिकच्या घराला कुलूप घालून मी उम्म सलाल मोहम्मदच्या बाजूला त्यांच्या कंपाउंडमधल्या घरी येऊन राहिले. वर्ल्ड कप यायचा होता. सकाळी धरलेला रस्ता संध्याकाळी जागेवर सापडत नसे, आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी पिवळं जाकीट घालून पाण्याचं, विजेचं, वळणाचं काहीतरी सांगायला दारात उभं असे.

पहिल्याच आठवड्यात मी आणि मंदार बेसनाचे लाडू घेऊन शेजारच्या अमेरिकन बाईंकडे गेलो. आत टीव्ही चालू होता. बेल वाजवली तसा तो बंद झाला. पडदा बोटभर हलला आणि दार काही उघडलं नाही. मी घरी येऊन अमेरिकन माणसांच्या माजावर सूनबाईंना एक व्याख्यान दिलं. दुसऱ्या दिवशी मागच्या दारावर टकटक झाली. सत्तरी ओलांडलेली, ताठ कण्याची, काळीभोर बाई, हातात केक. म्हणाल्या, काल तुम्ही दोघं होतात, म्हणून उघडलं नाही. यायचं तर एकटीनं यायचं, आणि मागून.

मला वाटलं, बाईंचा एखादा स्क्रू ढिला आहे. पण नियम पक्का होता, आणि त्याचं सूत्रही त्यांनी मला पुढे सांगितलं. "एक माणूस आला तर काहीतरी विकायला आलेला असतो. तीन आले तर काहीतरी दुरुस्त करायला. दोघं येतात ना, मिस नलिनी, त्यांना कुणीतरी पाठवलेलं असतं."

त्यांच्या दारात एकदा दोघं आले होते. व्हिएतनामच्या लढाईचे दिवस. यजमान अमेरिकेच्या हवाई दलात लढाऊ विमानाचे कॅप्टन, लेक डेनिस पाळण्यात. निळी गाडी फाटकाशी थांबली, दोन गोरे अधिकारी उतरले, टोप्या काढून काखेत धरल्या. लोरेनबाई तेव्हा नखं रंगवत होत्या. एका हाताची झाली होती, दुसऱ्याची राहिली होती. अधिकारी म्हणाले, विमान परतलं नाही, कॅप्टन बेपत्ता आहेत. बाई मला म्हणाल्या, "मेला म्हणाले असते तर रडले असते. हरवलाय म्हणाले. मग रडायचीसुद्धा चोरी." पुढे सरकारनं कागदोपत्री त्यांना मृत ठरवलं, पण लोरेनबाईंनी ठरवलं नाही. बोटातली अंगठी तशीच होती.

त्यांच्या दिवाणखान्यात एक फोटो होता. विमानापुढे तीन तरुण, दोन गोरे आणि एक काळा. मी, भूगोलाची निवृत्त बाई, जगाचे नकाशे कोळून प्यालेली, एका देखण्या गोऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, हे पायलट असतील नाही? आणि हे त्यांचे मदतनीस? लोरेनबाईंनी माझं बोट धरलं आणि काचेवरून सरकवत त्या काळ्या पोरावर नेऊन ठेवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. तेच त्यांचे यजमान, रूबेन. ते विमानातून उतरले की तळावरची माणसं त्यांच्या मागे बघायची, पायलट अजून कसा उतरला नाही म्हणून. तळाबाहेरच्या हॉटेलात त्यांना जेवायला मिळायचं नाही. बेपत्ता वैमानिकांच्या बायकांचे फोटो वर्तमानपत्रात यायचे तेव्हा लोरेनबाईंना कडेला उभं करत, आणि छापून येताना कड कापलेली असे. हे सगळं त्या मिरच्या निवडाव्यात तसं सांगत. एकदाच आवाज बदलला. "त्या विमानात बसेपर्यंत त्याला शंभर जणांनी अडवलं. बसल्यावर एकानंही अडवलं नाही."

दिवसा ही बाई हसरी होती. पत्त्यांत लबाडी करायची, माझ्या इंग्रजीची नक्कल करायची. पण डिसेंबरात कतारच्या राष्ट्रीय दिनाच्या सरावाची लढाऊ विमानं डोक्यावरून गेली की पत्ते टाकून न्हाणीघरात जायची आणि सगळे नळ सोडून बसायची. विमानं गेल्यावरही बराच वेळ पाणी वाहत राही. मी बाहेर उभी राहून मनात म्हणे, इतकी वर्षं झाली, आता कसली भीती? शहाणी होते ना मी.

मग एका दुपारी आमची बेल वाजली.

दोन दिवस धुळीचं वादळ होतं. समोरचं घर दिसत नव्हतं. मंदार त्या दिवशी परतायचा होता, आणि त्याचा फोन नव्हता. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. कंपनीची जाकिटं घातलेले दोघं. आणि एकाच्या हातात मंदारची बॅग, नातीनं बांधलेल्या लाल फितीसकट.

बॅग आली होती आणि मंदार नव्हता.

माझे हात कडीपर्यंत गेले आणि तिथेच राहिले. मला स्वच्छ कळत होतं, की मी दार उघडत नाही तोवर काही घडलेलं नाही. बेल पुन्हा वाजली. मी उलट्या पावलांनी मागे गेले, मागच्या दारानं बाहेर पडले, धुळीतून चाचपडत लोरेनबाईंकडे पोचले आणि एवढंच म्हणाले, दोघं आलेत.

त्यांनी सपाता घातल्या, माझं मनगट धरलं आणि आमच्या घरातून सरळ पुढच्या दाराशी गेल्या. त्यांचा हात बर्फासारखा झाला होता. तरी कडी त्यांनीच काढली, आणि ती पोरं तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आधी एवढंच सांगा. जिवंत आहे?"

पोरं गांगरली. एक जण केरळचा होता, तो चाचरत म्हणाला, हो मॅडम, तो तिकडे बिर्याणी खातोय. सामान आधीच्या फेरीत चढवलं होतं, धुळीमुळे पुढची फेरी उडालीच नाही, इतकंच. लोरेनबाईंनी बॅग घेतली, त्यांचे आभार मानले, दार लावलं आणि तिथेच फरशीवर बसल्या. मी रडत होते, त्या रडत नव्हत्या. नंतर घरी जाऊन त्यांनी जे अंथरूण धरलं ते आठवडाभर.

मला जे अर्धी घटका सोसवलं नाही, ते या बाईनं उभा जन्म सोसलं होतं. तिची यातून सुटका करायची, असं माझ्या डोक्यानं घेतलं. आणि माझं डोकं एकदा घेतं म्हणजे काय, ते आमचे हे हयात असते तर त्यांनी सांगितलं असतं.

त्याच सुमारास वेगळीच टांगती तलवार आली. डेनिस, त्यांची लेक, इथे एका स्टेडियमच्या बांधकामावर इंजिनिअर होती. व्हिएतनामच्या एका डोंगरात विमानाचे तुकडे आणि हाडाचा एक लहानसा भाग सापडला होता, आणि बापाशी जुळवून पाहायला डेनिसनं गालाच्या आतला नमुना अमेरिकेला पाठवला होता. उत्तर फोनवर येणार होतं. आता लोरेनबाई दाराबरोबर फोनलाही भिऊ लागल्या. वाजला की उशीखाली ठेवत. सापडला तर तो मेला, आणि नाही सापडला तर वाट पाहणं पुन्हा पहिल्यापासून. मला म्हणाल्या, "दोन्हीपैकी कशासाठी प्रार्थना करावी तेच कळत नाही. म्हणून हल्ली नुसतेच हात जोडते."

मी भाचीच्या लग्नाला नाशिकला गेले ती हे डोक्यात घेऊनच. आमच्यात हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहतात. मग पळसाचे देठ आणि दर्भ बांधून त्याचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. मागे राहिलेल्यांचा जीव सुटतो. आणि नाशिकला तर कुठलंही दुःख न्या, गोदावरीवर त्याचा विधी आहे आणि विधी सांगणारा गुरुजीही.

गुरुजींनी नाव विचारलं. रूबेन, मी म्हणाले. धर्म वेगळा दिसतो, ते म्हणाले. मी म्हटलं, गुरुजी, वाट पाहणारी बाई आहे, एवढंच धरा. गोत्र? ते कुठून आणू? गुरुजींनी सुस्कारा सोडला आणि सांगितलं, गोत्र माहीत नसलं की कश्यप लावायचं. असे अमेरिकेच्या हवाई दलाचे कॅप्टन रामकुंडाच्या काठावर कश्यपगोत्री झाले. विधीला बसला माझा धाकटा भाऊ बापू. तो सारखा कुरकुरत होता, ताई, निदान फोटो तरी दाखव, मी कुणाला पाणी देतोय ते कळू दे. देठांचा तो माणूस पेटला, नारळ फुटला, आणि मी कृतकृत्य होऊन पदरानं डोळे पुसले.

दोहात उतरले, पिशवीत तीर्थाची बाटली घेऊन मागच्या दारानं गेले, तर लोरेनबाई दारातच. चेहरा उजळलेला. फोन येऊन गेला होता. हाड विमानातल्या दुसऱ्या माणसाचं निघालं, मागच्या सीटवरच्या. "तो नव्हता, मिस नलिनी. म्हणजे त्यानं उडी टाकली असेल."

पिशवी माझ्या हातात होती ती मी पाठीमागे नेली.

तेव्हापासून मला जो धाक बसला तो सांगून खरा वाटायचा नाही. बेल वाजली की वाटे, दारात एकटे कॅप्टन रूबेन उभे आहेत, म्हातारे झालेले, टोपी काखेत, आणि अदबीनं विचारतायत, बाई, मला जाळलंत ते तुम्हीच का? विमानाचा आवाज आला की मीच आता न्हाणीघर शोधू लागले. अन्न गोड लागेना. शेवटी एका सकाळी पत्ते वाटता वाटता मी सगळं ओकले. पुतळा, नारळ, बापू, कश्यप.

लोरेनबाईंनी हातातले पत्ते नीट एकावर एक ठेवले. एवढंच म्हणाल्या, "तुला कुणी पाठवलं होतं?" आणि उठून मागचं दार उघडून धरलं. मी बाहेर पडले. आतून कडी लागली.

ती कडी कितीतरी महिने निघाली नाही. स्टेडियमवर छप्पर चढलं, रस्ते एकदाचे जागेवर बसले, कंपाउंडच्या भिंतीवर पोरांनी फुटबॉल रंगवले. मी रोज कपडे वाळत घालताना त्या दाराकडे बघायची. मग डेनिसचं काम संपलं. पहिल्या सामन्याच्या आधीच दोघी कायमच्या परत निघाल्या. जायच्या आदल्या दिवशी त्या दारातून आवाज आला, मिस नलिनी, एकटी ये.

घर रिकामं झालं होतं. खोक्यांच्या मध्ये त्या बसल्या होत्या. मला समोरच्या खोक्यावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. अग्नी कुणी दिला. नदी केवढी आहे. त्याचं नाव मोठ्यानं घेतलं का. मी म्हटलं, गुरुजींना उच्चार जमेना, पण घेतलं, तीनदा घेतलं. कुणी रडलं का? मी खरं सांगितलं, मी रडले, पण निम्मं धुरानं. त्या कितीतरी वेळ अंगठी फिरवत राहिल्या. मग आवाज अगदी लहान करून विचारलं, "आणि तो आला तर?"

हे मी गुरुजींना निघताना विचारलं होतं, आणि त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगून टाकलं. असा माणूस परत आला तर तो नव्यानं जन्मला असं धरतात. त्याचं बारसं करायचं, सगळे संस्कार पहिल्यापासून करायचे, आणि त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं.

त्यांचे डोळे भरले होते आणि ओठाचा एक कोपरा, पत्त्यांत लबाडी करताना हलायचा तसा, हलत होता. त्या बोलल्या इंग्रजीत. शब्द त्यांचेच, भाषा तेवढी माझी.

"मग तो आला तर त्याला हे तूच सांगायचंस, मी नाही. आणि म्हणावं, लोरेन करील लग्न, पण या खेपेला पायलटशी नाही."