खालाचं दार, पंचावन्न पावलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दाराशी आलेल्या एका म्हाताऱ्या बाईला मी भर उन्हात फाटकावरूनच परत पाठवलं, आणि ती जिला भेटायला आली होती ती माझी आई तेव्हा शेजारच्याच खोलीत जागी होती.

गुलमंडीच्या बाजारामागच्या आमच्या गल्लीत आईच्या मैत्रिणीचं, जमीलाखालाचं दार आमच्या उंबऱ्यापासून पंचावन्न पावलांवर होतं. लहानपणी मी ती मोजली होती. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास, भट्टीतल्या फुटाण्यांचा खरपूस धूर, सकाळी शिंपडलेल्या मातीचा गारवा... त्यातून आई मीठ आणायला निघायची आणि तासाभरानं उगवायची.

"मिठासाठी समुद्रावर गेली होतीस काय?" वडील विचारत.

"रस्त्यात माणसं लागली, त्याला मी काय करू?"

त्या माणसांत खाला असायचीच. ती रजया शिवायची. आई तिच्या ओट्यावर बसून चार टाके घालून यायची. एखाद्या दिवशी आई दिसली नाही, तर खाला मला अडवायची – "क्या रे, तेरी माँ किधर है? चाय ठंडी हो रई, बोल उसको!" सहाव्या वर्षी मी एकटा शाळेत जात असे, वाटेत रेंगाळलो, तर माझ्याआधी बातमी घरी पोचलेली असे.

वडील गेल्यावर मी आईला चितेगावच्या अलीकडे, पैठण रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. लिफ्ट, बाग, चोवीस तास पाणी – आणि फाटकाबाहेर पाऊल ठेवायला जागा नाही, नुसते ट्रक. "खालाकडं सोड रे एकदा," आई म्हणायची. खालाला फोनवर ऐकू येत नसे. गुलमंडीत गाडी लावायची कुठं, म्हणून मी टाळत राहिलो आणि एक दिवस कंटाळून म्हणालो, "खाला लेकीकडं गेली, परभणीला. कायमची."

"मला न सांगता?" एवढंच आई म्हणाली. नंतर मिठाच्या निमित्तानंही तिनं बाहेर जायचं नाव काढलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी वॉचमनचा फोन आला. "साहेब, एक अम्मा आल्यात. पत्ता विचारत, हायवेनं चालत. तुमच्या आईंचं नाव घेतात, सुमनला बोलवा म्हणतात."

"घरी कुणी नाही म्हणून सांग."

तो आवाज माझा होता? मी गॅलरीत गेलो. पांढरी ओढणी डोक्यावर घेतलेली खाला रस्त्याच्या कडेनं परत निघाली होती; ट्रक आला, की बाभळीच्या काट्यांना अंग चिकटवून उभी राहत होती. गाडीची किल्ली माझ्या खिशात होती. मी हललो नाही.

त्या गल्लीत माझं खोटं संध्याकाळपर्यंतही टिकलं नसतं. आई पायात चपला सरकवून पाहून आली असती. इथं ते तीन वर्षं टिकलं आहे. चालत जाता येणारी वस्ती म्हणजे काय, ते मला असं कळलं.

खाला अजून तिथंच राहते. आई आत पडून आहे, तिला वाटतं मैत्रीण तिला विसरली. खाला कुठंही गेली नव्हती, एवढं एक वाक्य मी आईला देणं लागतो. अजून बोललेलो नाही.